पाणी आणि रजिस्टर

मी कॅथलिक महार आहे. हे वाक्य सरकारच्या कुठल्याच फॉर्मवर बसत नाही. कॅथलिक लिहिलं की महार खोडावं लागतं, महार लिहिलं की कॅथलिक. वस्तीतली बौद्ध पोरं म्हणतात, दोन्ही खोड आणि आमच्यात ये. गावातली म्हणतात, बाटगा. आणि शहरातल्या चर्चमध्ये मिस्सा संपल्यावर कुणीतरी गोड आवाजात विचारतं, "तुम्ही नगरकडचे का?" नगरकडचे म्हणजे काय, ते विचारणाऱ्यालाही माहीत असतं आणि मलाही.

आहोत नगरकडचेच. अहमदनगर जिल्हा, २०२४ पासून अहिल्यानगर. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जर्मन जेझुइट फादर तिथं राहुरी, संगमनेरच्या बाजूला महारवाड्यांत फिरले. पहिल्या महायुद्धात इंग्रज सरकारनं त्या जर्मनांना कैदेत टाकलं, पण वस्त्यांतली प्रार्थना थांबली नाही. ती म्हणून घ्यायला तोवर आपल्यातलेच मास्तर तयार झाले होते. माझे आजोबा एका साखरपट्ट्यातून दुसऱ्या साखरपट्ट्यात आले. तिकडं हरेगाव, इकडं भवानीनगर. तिकडं प्रवरेचं पाणी, इकडं नीरा डाव्या कालव्याचं. ऊस तोच. दर सप्टेंबरला हरेगावच्या मतमाउलीच्या यात्रेला जायचं, एवढा धागा आजीनं तुटू दिला नाही.

मी कारखान्यावर हंगामी आहे, बॉयलिंग हाउसला, पॅनवर. शाळा दहावीपर्यंत. बाकीचं रात्रपाळीत वाचलं. कविता लिहितो. दिवाळीच्या आगेमागे गव्हाणीत मोळी पडते आणि उन्हाळा तापला की पट्टा पडतो. आमचं वर्ष असं. चर्चचं वर्ष वेगळं. नाताळ ऐन गळितात येतो. उपवासकाळ, म्हणजे पास्काआधीचे चाळीस दिवस, पट्टा पडायच्या घाईत येतात. आणि संस्कारांची सगळी तयारी नेमकी त्याच दिवसांत.

तयारी म्हणजे काय, ते सांगितलं पाहिजे. कॅथलिकांचे संस्कार सात. स्नानसंस्कार, दृढीकरण, ख्रिस्तप्रसाद, प्रायश्चित्त, रुग्णाभिषेक, धर्मगुरुदीक्षा, विवाह. यातला कुठलाही 'आलो आणि घेतला' असा मिळत नाही. शिकावं लागतं. प्रार्थना पाठ, दहा आज्ञा पाठ, विश्वासांगीकार पाठ, आणि पाठ केलेल्याचा अर्थ सांगता आला पाहिजे. लहान लेकरांना ख्रिस्तप्रसाद द्यायचं वय पोप दहावे पायस यांनी १९१० साली सात वर्षांच्या आसपास आणलं. समज आली, भाकरी आणि ख्रिस्तशरीर यातला फरक कळला, की पुरे. आमच्याकडं समज सातच्या आधीच येते. पण रविवारचा वर्ग वर्षभर लागतो, हजेरी लागते. इथंच घोळ होतो.

ऊसतोडीला नगर, बीड, जालन्याकडून टोळ्या येतात. कारखान्याच्या कडेला कोप्या पडतात. त्यात दोन-तीन कोप्या आपल्या निघतात. कळतात कशा? बाईच्या गळ्यात जपमाळ. गेल्या एका हंगामात अकरा वर्षांचा एक पोरगा भेटला. त्याला विश्वासांगीकार अर्धाच येत होता. तीन वर्षं तो अर्धाच येत होता. गावी जूनला वर्ग सुरू होतो, अर्ध्यावर येतो, तेवढ्यात मुकादमाची उचल घेतलेली असते आणि आईबाप कोयता घेऊन निघतात. पुढच्या जूनला परत पहिल्यापासून. त्याला मी उरलेला अर्धा शिकवला, बगॅसच्या ढिगामागं बसून. माझी रात्रपाळी आणि त्याचं म्हैस राखणं, यातला वेळ आमचा. पण प्रथम ख्रिस्तप्रसादासाठी त्याच्या गावच्या धर्मग्रामातून स्नानसंस्काराचा दाखला पाहिजे होता. दाखला येईस्तोवर पट्टा पडला. पोरगा गाडीत बसून गेला. आता त्याला अख्खा विश्वासांगीकार येतो, एवढं झालं.

आमची इथं कॅथलिक घरं चार-पाच. फादर लांबून येतात, महिन्यातून एकदा. कुणाच्या तरी घरी लोखंडी टेबलावर पांढरं कापड टाकून मिस्सा होते. १९६२ ते १९६५ व्हॅटिकनला धर्मपरिषद भरली, तेव्हापासून मिस्सा लोकांच्या भाषेत आली. आजीनं लहानपणी लॅटिन ऐकलेली. ती म्हणते, "तवा कळत न्हवतं काय म्हणत्यात, पर ऐकू लय ग्वाड लागायचं." आता सगळं मराठीत, पण ते मराठी पुस्तकातलं. 'महागुरुस्वामी' म्हणजे बिशप. आजी बिशपच म्हणते.

माझं दृढीकरण राहून गेलेलं. लग्न ठरवायच्या आधी ते व्हावं असं चर्चचं म्हणणं असतं, म्हणून तेविसाव्या वर्षी मी शहरातल्या एका धर्मग्रामात वर्गाला जायला लागलो. नाव घेत नाही. तिथं पुढच्या बाकांवर बसणारे वेगळे, मागचे वेगळे. कुणी पाटी लावलेली नाही. पाय आपोआप जातात. पाळी संपवून एसटीनं पोचायचं तर पहिली पंधरा मिनिटं बुडत. शिकवणाऱ्या बाईंनी एकदा सगळ्यांसमोर विचारलं, "तुला देवासाठी एक रविवार सोडवत नाही?" मी म्हटलं, "बाई, मी सोडला तर पॅन कोण सोडणार?" पोरं हसली. बाईंना पॅन म्हणजे काय ते माहीत नव्हतं, आणि मीही सांगितलं नाही.

पण शिकलो. आणि शिकताना एक गोष्ट माझ्या अंगावर आली, ती पुस्तकात कुठं दिलेली नाही. ती आहे हाताची.

आजी पोरगी असताना गावात पाणी मागायची पद्धत अशी: लांब उभं राहायचं, ओंजळ धरायची, वाढणारी वरून पाणी सोडणार. ओंजळीला तांब्या लागता कामा नये. भाकरीही तशीच, वरून टाकलेली, झेलायची. महाडचं चवदार तळं १९२७ सालचं. पण आजीच्या गावात ते तळं पुढं कैक वर्षं पोचलं नव्हतं. तिला पहिला ख्रिस्तप्रसाद दिला तेव्हा गोरा फादर पुढं आला आणि त्यानं तिच्या जिभेवर ते ठेवलं. त्याची बोटं तिच्या ओठाला लागली. आजी म्हणते, "म्या आत घेतलंच न्हाई पहिल्यांदा. त्याच्या बोटाकडंच बघत राह्यले. वाटलं, आता हा हात धुनार. त्यानं धुतला न्हाई. त्याच बोटानं म्होरच्या पोरीला दिलं."

धर्मशास्त्रात या संस्काराबद्दल हजारो पानं असतील. मला आजीचं हे एवढं पुरतं.

आता पटत नाही तेही सांगतो. ख्रिस्तप्रसादाची भाकरी गव्हाचीच लागते. निव्वळ गहू आणि पाणी, बाकी काही मिसळायचं नाही. चर्चच्या १९८३ च्या कायद्यात तसं लिहिलेलं आहे. ज्वारी चालत नाही, बाजरी चालत नाही. आमच्या पिढ्या ज्वारीवर जगल्या, गहू सणाला. येशू जेवायला बसला त्या देशात गहू होता म्हणून गहू. तो नगर जिल्ह्यात जन्मला असता तर? मी हे फादरांना विचारलं. ते हसले आणि म्हणाले, "मग द्राक्षारसाचं काय केलं असतंस?" मी मनात म्हटलं, मळीपासून काय काय होतं ते या फादरांना दाखवलं पाहिजे. तेलाच्या बाबतीत मात्र कायदा सैल आहे. अभ्यंगाचं तेल ऑलिव्हचं, नाहीतर दुसऱ्या कुठल्याही वनस्पतीचं चालतं. म्हणजे करडई चालेल. तेलाला सवलत आहे, भाकरीला नाही.

दृढीकरणाच्या आधी प्रायश्चित्त घ्यावं लागतं. फादरांपुढं गुडघे टेकून आपली पापं सांगायची. त्यांनी ती कुणाला सांगायची नाहीत, मेले तरी. हे बंधन त्यांच्यावर, माझ्यावर नाही, म्हणून सांगतो. मी विचारलं, फादर, माझ्या शाळेच्या दाखल्यावर 'हिंदू महार' आहे. अण्णा मला घेऊन शाळेत गेले तेव्हा गुरुजींनी जात विचारली, धर्म विचारलाच नाही, आपल्या हातानं हिंदू लिहिलं. आता ते तसंच वागवायचं का? खोटं बोलू नको ही आज्ञा आहे. मग हे खोटं कुणाचं? गुरुजींचं, अण्णांचं, माझं, का ज्यानं कायदा केला त्याचं? फादर बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "हे तुझ्या एकट्याच्या नावावर लिहिता येणार नाही." आणि मला तीन वेळा नमो मरिया म्हणायला सांगितलं. ती बाकीच्या पापांसाठी.

मग बिशप आले. रांगेत आम्ही सव्वीस. मामा मागं उभा राहिला, माझ्या खांद्यावर हात ठेवून. बिशपांनी माझं नाव घेऊन कपाळावर तेलाचा क्रूस काढला. त्या तेलाला बाल्समचा वास असतो. बॉयलिंग हाउसच्या पाकाचा वास अंगातून जात नाही, पण तेवढा दिवस तो दबला. आजीच्या वेळी बिशप गालावर हलकी चापटी मारायचे. विश्वासासाठी सोसायची तयारी ठेव, असा त्याचा अर्थ. १९७१ च्या नव्या विधीत ती चापटी गेली. आजी म्हणाली, "बरं झालं. आमाला गालावरचा हात काय म्हनतो ते शिकवायची गरज न्हवती."

स्नानसंस्कार, दृढीकरण आणि धर्मगुरुदीक्षा हे तीन संस्कार परत घेता येत नाहीत. आत्म्यावर ठसा उमटतो, तो पुसत नाही, अशी शिकवण आहे. वर्गात हे शिकवलं तेव्हा मला घाम फुटला. न पुसणारा ठसा! दोस्तहो, तो आपल्यावर आईच्या पोटातूनच मारलेला असतो असं सांगणारा धर्म आपण सोडला, आणि इथंही ठसाच. फरक आहे, मान्य. जातीचा ठसा तुम्हाला खाली ठेवतो, हा ठसा तुम्ही देवाचे आहात असं सांगतो. पण देवाचा ठसा आत्म्यावर राहतो आणि त्याची नोंद रजिस्टरात. रजिस्टर माणसांच्या हातात असतं.

त्या रजिस्टराची किंमत बघा. १० ऑगस्ट १९५० ला राष्ट्रपतींचा आदेश निघाला: हिंदू नसलेला माणूस अनुसूचित जातीचा धरला जाणार नाही. १९५६ साली त्यात शीख आले, १९९० साली बौद्ध आले. ख्रिस्ती आणि मुसलमान बाहेरच राहिले. मद्रासेत रस्त्यावर बसून चपला शिवणारा सूसाई नावाचा माणूस होता, आदि-द्रविड, ख्रिस्ती. सरकारनं रस्त्यावरच्या चांभारांना टपऱ्या वाटल्या, त्या हिंदू चांभारांना. त्याला नाही. तो सुप्रीम कोर्टात गेला. १९८५ साली कोर्टानं सांगितलं, ख्रिस्ती झाल्यावरही तुमचे हाल तेवढेच आहेत हे आधी सिद्ध करा. रस्ता तोच, आरी तीच, ऊन तेच. आणखी काय सिद्ध करायचं? २००७ साली रंगनाथ मिश्रा आयोगानं ही धर्माची अट काढा म्हणून सांगितलं. अट काढली नाही, २०२२ साली आणखी एक आयोग नेमला. २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये पुदुच्चेरीच्या एका बाईचा निकाल लागला. ती म्हणत होती मी हिंदू आहे, मला अनुसूचित जातीचा दाखला द्या. तिच्या विरुद्ध काय उभं राहिलं? लहानपणी झालेला तिचा स्नानसंस्कार, आणि ती नेमानं मिस्साला जाते ही गोष्ट. तान्ह्या लेकराच्या डोक्यावर पडलेलं पाणी तिशी ओलांडल्यावर साक्षीला आलं. आपल्या महाराष्ट्रात अनुसूचित जातीतून ख्रिस्ती झालेल्यांना इतर मागासवर्गात घेतलेलं आहे, म्हणजे अगदीच उघड्यावर नाही. पण कुणी जातीवरून शिवी दिली, हात टाकला, तर अत्याचाराचा १९८९ चा कायदा माझ्या बाजूनं उभा राहत नाही. शिवी देणारा कुठं विचारतो, मिस्साला जातोस का म्हणून?

आणि चर्चनंही अंग झटकायचं कारण नाही. त्रिचीच्या मेलपुदूरच्या कॅथलिक दफनभूमीत मध्ये भिंत आहे, एका बाजूला दलित ख्रिस्ती, दुसऱ्या बाजूला बाकीचे. एकाच पाण्यानं धुतलेली मढी. भारतातल्या बिशपांनी २०१६ साली दलितांबद्दलचं धोरण छापलं आणि त्यात चर्चमध्ये अस्पृश्यता आहे हे कबूल केलं. २०२२ साली हैदराबादचे अँथनी पूला कार्डिनल झाले, दलितांतले पहिले. आजीला मोबाइलवर त्यांचा फोटो दाखवला. तिनं तो फोटो मोठा करून बघितला आणि म्हणाली, "आपल्यावानीच हाय की."

एवढं सगळं डोक्यात घेऊन मी लग्न केलं. बायको बौद्ध, इंदापूर तालुक्यातलीच. कॅथलिकानं स्नानसंस्कार न झालेल्या माणसाशी लग्न करायचं तर चर्चची खास परवानगी लागते. कॅथलिक माणसानं वचन द्यायचं की मुलांना स्नानसंस्कार देण्यासाठी आपल्याकडून होईल ते करीन. दुसऱ्या बाजूला सही नाही, वचन नाही. त्याला फक्त हे कळवायचं. मुलगी झाली तेव्हा हे निघालं. बायको म्हणाली, "वचन तुम्ही दिलंय. मला नुसतं कळवलंय."

तिचं म्हणणं कच्चं नव्हतं. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात तिचा पणजा होता. तो स्वतःच्या पायानं गेला, स्वतःच्या तोंडानं बावीस प्रतिज्ञा बोलला. बाबासाहेबांनी साध्या माणसाला दीक्षा द्यायचा विधी मुद्दाम घातला, कारण नुसतं भिक्खूंनी दीक्षा घेऊन धम्म टिकत नाही हे त्यांनी ओळखलं होतं. "पण ती दीक्षा जाणत्या माणसांची," ती म्हणाली. "हिला तोंड आहे का हो बोलायला?" मी म्हटलं, नाव ठेवलं तेव्हा तू बुद्धवंदना घेतलीस, तेव्हा हिला कुठं विचारलं? ती म्हणाली, "वंदनेचं रजिस्टर नसतं." यावर मला उत्तर सुचलं नाही. आम्ही ठरवलं, थांबू.

पोरगी चार महिन्यांची होती. पावसाळा. जुलाब, उलट्या, डोळे आत गेलेले. रात्री अकराला मी गाडी बघायला बाहेर पळालो, बायको पिशवी भरत होती. पोरगी आजीच्या मांडीवर. बारामतीला दवाखान्यात पोचलो, सलाईन लागलं, पहाटे तिनं डोळे उघडले. तीन दिवसांनी घरी आलो. बारा दिवस गेल्यावर आजी मला म्हणाली, "पोरा, म्या वतलंय पाणी."

मरणाच्या दारात कुणीही पाणी घालू शकतं. फादर लागत नाही, पुरुष लागत नाही, साक्षर लागत नाही. पाणी लागतं, शब्द लागतात, आणि चर्च जे करतं तेच करायचा मनातला हेतू लागतो. आजीनं माठातलं पाणी तांब्यात घेतलं, तीनदा डोक्यावर सोडलं, तिन्ही नावं घेतली. म्हणाली, "आईबापाला इचारायला येळ न्हवता. जीव जात व्हता तिचा." बायको दोन दिवस आजीशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "आजी, पोरगी सलाईननं वाचली." आजी म्हणाली, "व्हय की. त्ये बी पाणीच, वरूनच पडतंय."

फादरांना सांगितलं. त्यांनी आजीला समोर बसवून विचारलं, कुठं ओतलं, काय म्हणालीस, काय मनात होतं. मग म्हणाले, झालेला आहे. परत करता येत नाही. तेल, पांढरं वस्त्र, मेणबत्ती, एवढं राहिलंय, ते नंतर कधीही. पण नोंद करावी लागेल. आजी एकटी साक्षीदार पुरते.

आजी म्हणाली, "लिवून काय करायचंय? ज्यानं बघायचं त्यानं बघितलंय."

मी अडकलो. मी लिहिणारा माणूस. आपलं काही लिहिलंच गेलं नाही, म्हणून तर आपण हातात पेन धरलं. आजीच्या आईचा जन्म कुठं लिहिलेला नाही, मरण कुठं लिहिलेलं नाही. महारवाड्यातल्या माणसाचं नाव पहिल्यांदा शाईनं लिहिलं गेलं ते बऱ्याचदा मिशनच्या रजिस्टरात. आणि आता मीच म्हणू का, लिहू नका? आणि लिहिलं तर वीस वर्षांनी कुणीतरी कचेरीत बसलेला माणूस ते पान काढून माझ्या पोरीसमोर ठेवणार नाही, याची हमी कोण देतो? मी फादरांना हेच म्हटलं. त्यांनी रजिस्टर उघडलं नाही, बंदही केलं नाही. हात त्यावर ठेवून बसले.

बायको दारात उभी होती, पोरगी कडेवर. ती म्हणाली, "लिहा. पाणी पडलं ते खरंय, तर ते लपवायचं नाही. पण मग सगळंच खरं लिहा. आईचं नाव, आणि आई बौद्ध आहे, ते."

फादर म्हणाले, "तसा रकाना नाही. आईच्या धर्माचा."

"शेरा म्हणून असेल की काहीतरी."

रकाना होता. पुढं दृढीकरण, लग्न यांच्या नोंदी व्हायच्या असतात, त्यासाठी सोडलेला. फादरांनी चष्मा लावला, बोटानं रकाना मोजला आणि म्हणाले, "जागा कमी आहे."

"बारीक अक्षरात लिहा," बायको म्हणाली.